धूमकेतू ॲपमध्ये एकीकडे, आकाशात दुसरीकडे: स्थान आणि तेज न जुळण्याची कारणं कशी शोधायची

तक्रार दर चांगल्या धूमकेतूच्या वेळी तीच असते. ॲपने दाखवलेल्या जागी दुर्बीण लावली, तारे ओळखीचे दिसले, धूमकेतू मात्र नाही. किंवा धूमकेतू सापडला, पण पाचव्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचा आकडा; जितका मोठा तितकं तेज कमी) सांगितलेला प्रत्यक्षात सातव्या प्रतीचा निघाला. यावर लोक ॲप बदलतात, दुर्बीण पुन्हा संरेखित करतात, नाहीतर आकाश खराब होतं म्हणून सोडून देतात. यातलं काहीही करण्याआधी चूक किती आहे आणि कुठल्या दिशेला आहे हे मोजा. प्रत्येक चुकीची खूण वेगळी असते, आणि ती खूण ओळखता आली की कारण शोधायला दहा मिनिटं पुरतात.

उदाहरणासाठी सी/२०२३ ए३ (त्सुचिन्शान-ॲटलास) हा धूमकेतू घेऊ. २७ सप्टेंबर २०२४ ला तो सूर्यापासून ०.३९ खगोलीय एककावर (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर), म्हणजे उपसूर्य बिंदूवर, कक्षेतल्या सूर्याच्या सर्वांत जवळच्या जागी होता. १२ ऑक्टोबरला तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ, ०.४७ एककावर आला. आधी पहाटे पूर्वेला आणि मग संध्याकाळी पश्चिमेला तो महाराष्ट्रातून साध्या डोळ्यांनी दिसला. स्थान आणि तेज चुकण्याची जवळजवळ सगळी कारणं या एकाच धूमकेतूत भेटतात.

आधी तारे तपासा

धूमकेतूच्या आसपासचे तारे ॲपमध्ये दिसतात तसेच आकाशात, त्याच उंचीवर आहेत का? तारेही सरकलेले असतील तर दोष धूमकेतूच्या माहितीत नाही. ठिकाण चुकलंय, वेळ चुकली आहे किंवा टाइम झोन चुकला आहे. बऱ्याच प्रणालींत सुरुवातीला भलतंच परदेशी शहर ठेवलेलं असतं. ते बदलून आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश टाका आणि टाइम झोन आशिया/कोलकाता आहे याची खात्री करा.

तारे बरोबर आणि फक्त धूमकेतू चुकीचा असेल तर पुढे वाचा.

आता चूक मोजायची. ८० ते १३५ मिलिमीटरची लेन्स लावून त्या भागाचा फोटो घ्या, तो प्लेट-सॉल्व्ह करा, म्हणजे ताऱ्यांवरून फोटोची आकाशातली नेमकी जागा सॉफ्टवेअरने काढा (ॲस्टॅप हे मोफत सॉफ्टवेअर इंटरनेटशिवाय चालतं) आणि धूमकेतूचे विषुवांश व क्रांती (आकाशातले रेखांश-अक्षांश) काढा. ॲपमधल्या आकड्यांशी फरक घ्या. विषुवांशातला फरक क्रांतीच्या कोसाइनने गुणायला विसरू नका, नाहीतर ध्रुवाकडच्या धूमकेतूंची चूक उगाच फुगलेली दिसते. मग त्या रात्रीची धूमकेतूची चाल कुठल्या दिशेला आहे ते नकाशावर रेघ ओढून पाहा. धूमकेतू त्या रेघेवरच पुढेमागे आहे, की रेघेच्या बाजूला पडला आहे? पुढचा सगळा शोध या एका प्रश्नाच्या उत्तरावर चालतो.

रेघेवर पुढे किंवा मागे: वेळेची चूक

भारतात सगळ्यात जास्त वेळा सापडणारी चूक साडेपाच तासांची. मायनर प्लॅनेट सेंटर (लघुग्रह-धूमकेतूंच्या नोंदी ठेवणारं आंतरराष्ट्रीय केंद्र) आणि जेपीएल या नासाच्या प्रयोगशाळेची होरायझन्स ही स्थानं काढून देणारी सेवा, दोन्हींचे तक्ते मुळात जागतिक वेळेत (यूटी, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) येतात. ‘० तास’ या ओळीचा अर्थ आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. दिवसाला २ अंश सरकणारा धूमकेतू तासाला ५ कोनीय मिनिटं सरकतो (६० कोनीय मिनिटांचा एक अंश). साडेपाच तासांत साडेसत्तावीस, म्हणजे जवळजवळ चंद्रबिंबाएवढा. ए३ ऑक्टोबरच्या मध्यात दिवसाला ४ अंशांहून जास्त पळत होता, तेव्हा हीच चूक ५५ कोनीय मिनिटांच्या वर गेली. बायनॉक्युलरच्या सहा अंशांच्या क्षेत्रात ती खपून जाते. १०० पट विशालनात, अर्ध्या अंशाच्या क्षेत्रात, धूमकेतू नुसता गायब होतो.

तारखेची चूक याहून फसवी. २ ऑक्टोबरला पहाटे ४:५० ला घेतलेलं निरीक्षण जागतिक वेळेत १ ऑक्टोबर, २३:२० ला होतं, दशांशात १.९७ ऑक्टोबर. संध्याकाळच्या निरीक्षणात तारीख बदलत नाही (१४ ऑक्टोबर संध्याकाळी ७:१० म्हणजे १४.५७). म्हणून धूमकेतू पहाटेच्या आकाशातून संध्याकाळच्या आकाशात आला की एकाच माणसाच्या नोंदवहीत अर्धी निरीक्षणं बरोबर आणि अर्धी एक दिवस पुढची अशी खिचडी होते. उपाय साधा आहे: नोंदवहीत भारतीय वेळ आणि जागतिक वेळ असे दोन वेगळे रकाने आखा आणि बाहेर असतानाच दोन्ही भरा.

चूक रेघेवर आहे, पण साडेपाच तासांशी किंवा एका दिवसाशी जुळत नाही? मग कक्षेचे घटक जुने आहेत.

रेघेवरच, पण विचित्र आकड्याची चूक: शिळे घटक

नकाशाचं सॉफ्टवेअर धूमकेतूची जागा सहा आकड्यांवरून काढतं: उपसूर्य बिंदूवर पोचण्याची वेळ, उपसूर्य अंतर, उत्केंद्रता (कक्षा किती लांबट आहे), उपसूर्य बिंदूचा कोन, आरोही पाताचा रेखांश (धूमकेतू पृथ्वीच्या कक्षेची पातळी उत्तरेकडे ओलांडतो ती दिशा) आणि कक्षेचा कल. सातवा आकडा असतो इपॉक, म्हणजे हे घटक कुठल्या दिवसासाठी खरे आहेत ती तारीख. नेमकं याच आकड्याकडे कोणी पाहत नाही.

हे घटक म्हणजे त्या एका दिवसाचा कक्षेचा फोटो आहे. बहुतेक नकाशा-सॉफ्टवेअर पुढची गती फक्त सूर्य आणि धूमकेतू असे दोघेच धरून काढतात. गुरूची ओढ त्यांत नसते. सूर्याच्या उष्णतेने धूमकेतूतून वायू उसळतात आणि त्यांचा उलटा धक्का केंद्रकाला (धूमकेतूच्या बर्फाळ गाभ्याला) बसतो, तोही नसतो. इपॉकपासून महिना-दोन महिने लांब गेलात तरी सहसा काम भागतं. वर्ष झालं असेल, किंवा मध्ये गुरूजवळून फेरी झाली असेल, तर त्या आकड्यांवर विसंबू नका. ३९पी/ओटेर्मा हा धूमकेतू १९६३ मध्ये गुरूजवळून गेला आणि त्याचा सुमारे ८ वर्षांचा फेरा १९ वर्षांचा झाला. दोघांच्या गणितात ही घटना येऊच शकत नाही.

वायूंचा धक्का लहान असतो, पण साठत जातो. एकोणिसाव्या शतकात एन्केच्या धूमकेतूचा फेरा दर खेपेला सुमारे अडीच तासांनी आखूड होत होता. हॅलीचा धूमकेतू नुसत्या गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबापेक्षा दर खेपेला सुमारे चार दिवस उशिरा येतो. मार्सडेन, सेकानिना आणि योमन्स यांनी १९७३ मध्ये या धक्क्यासाठी जे सूत्र मांडलं तेच आजही वापरलं जातं. होरायझन्स ते धरून गणित करते, तुमचं नकाशा-सॉफ्टवेअर बहुधा करत नाही. म्हणून नियतकालिक धूमकेतूसाठी मागच्या फेरीचे घटक वापरून या फेरीची जागा काढणं ही हमखास अपयशाची वाट आहे.

उपाय, स्टेलॅरियम या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरसाठी:

१. एफ२ दाबून प्लगइन्समध्ये जा आणि सोलर सिस्टिम एडिटर चालू करा. पहिल्यांदा चालू केल्यावर प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडावा लागतो.

२. त्या धूमकेतूची जुनी नोंद आधी काढून टाका. जुनी तशीच ठेवून आयात केली तर नावातल्या किरकोळ फरकामुळे एकाच धूमकेतूच्या दोन नोंदी होतात आणि शोधात नेमकी जुनी वर येते.

३. मायनर प्लॅनेट सेंटरच्या धूमकेतूंच्या यादीतून नवे घटक आयात करा.

४. धूमकेतू निवडून माहितीत उपसूर्य वेळ आणि इपॉक नवे आले का ते पाहा. ही पायरी गाळू नका. आयात ‘यशस्वी’ असा निरोप येऊनही जुनेच घटक राहिल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

५. त्याच क्षणासाठी होरायझन्सचे आकडे काढून ताडून पाहा. फरक एका कोनीय मिनिटाच्या आत असेल तर त्या आठवड्यापुरतं निर्धास्त राहा. पृथ्वीजवळून जाणाऱ्या धूमकेतूसाठी आयात दर आठवड्याला करा.

होरायझन्समध्ये तक्त्याचे रकाने क्रमांकाने निवडता येतात. धूमकेतूसाठी १ (स्थान), ९ (तेज), १९ (सूर्यापासून अंतर), २० (पृथ्वीपासून अंतर), २४ (कलाकोन, म्हणजे धूमकेतूवरून सूर्य आणि पृथ्वी यांच्या दिशांमधला कोन) आणि ३६ (स्थानातली अनिश्चितता) एवढे पुरेत. ३६ वा रकाना खास महत्त्वाचा. नव्या धूमकेतूची अनिश्चितताच पाच-दहा कोनीय मिनिटं दाखवत असेल तर चूक तुमची नाही आणि सॉफ्टवेअरचीही नाही. निरीक्षणांचा काळ अजून पुरेसा लांबलेला नाही.

नियतकालिक धूमकेतू शोधताना होरायझन्स कधी कधी एकाच नावाच्या पुष्कळ नोंदी दाखवते: दर फेरीची वेगळी, आणि फुटलेल्या धूमकेतूच्या तुकड्यांच्या वेगळ्या. ७३पी/श्वासमान-वाखमान ३ हा १९९५ मध्ये फुटला आणि २००६ मध्ये त्याचे बी आणि सी हे मोठे तुकडे स्वतंत्रपणे पाहिले गेले. घाईत चुकीची ओळ निवडली तर चूक अंशांत जाते. हव्या त्या तारखेच्या सर्वांत जवळचा इपॉक असलेली ओळ घ्या.

एक बारकावा. घड्याळाची चूक दृश्य गतीच्या रेघेवर तंतोतंत बसते. उपसूर्य वेळेची चूक मात्र धूमकेतूच्या स्वतःच्या कक्षेच्या रेषेत पडते, आणि दृश्य गतीत पृथ्वीची चालही मिसळलेली असल्यामुळे या दोन रेघा थोड्या वेगळ्या असतात. धूमकेतू पृथ्वीजवळ असेल तर या फरकावरूनच दोन चुका वेगळ्या ओळखता येतात.

रेघेच्या बाजूला, वीसेक कोनीय मिनिटं: संपाताचा घोळ

पृथ्वीच्या अक्षाच्या परांचन गतीमुळे आकाशातले निर्देशांक दरवर्षी सुमारे ५०.३ कोनीय सेकंदांनी सरकतात. तक्ते जे२००० या संपातासाठी, म्हणजे सन २००० च्या निर्देशांक-चौकटीत, दिलेले असतात. कित्येक गो-टू माउंट (दुर्बीण आपोआप वळवणारे आधार) आजच्या संपाताचे आकडे मागतात. २०२५ मध्ये हा फरक २१ कोनीय मिनिटांचा झाला आहे. हातातल्या नियंत्रकावर आकडे टाइप करून दुर्बीण वळवली आणि धूमकेतू नेहमी त्याच दिशेला, साधारण तेवढाच चुकत असेल, तर हेच कारण. होरायझन्सचा रकाना १ जे२००० देतो, रकाना २ आजचे दृश्य निर्देशांक. माउंटला हवा तो द्या. जुन्या पुस्तकांतल्या १९५० च्या संपाताचे घटक वापरत असाल तर चूक एक अंशाच्या वर जाते.

क्षितिजाजवळ वातावरणाचं वक्रीभवनही मध्ये येतं: ५ अंश उंचीवर जवळजवळ १० कोनीय मिनिटं, १० अंशांवर त्याच्या निम्मं. माउंटचं सॉफ्टवेअर ते धरत नसेल तर धूमकेतू वरच्या बाजूला सापडेल.

अगदी लहान चूक: पराशय आणि प्रकाशाचा प्रवास

हे फक्त मोजमाप करणाऱ्यांसाठी. पृथ्वीच्या केंद्रावरून काढलेलं स्थान आणि तुमच्या गच्चीवरून दिसणारं स्थान यांत फरक असतो. तो जास्तीत जास्त ८.८ भागिले अंतर (खगोलीय एककांत) इतके कोनीय सेकंद. ए३ साठी १२ ऑक्टोबरला साधारण १९ सेकंद. मे १९८३ मध्ये आयरास-अराकी-अल्कॉक धूमकेतू ०.०३१ एककावरून गेला तेव्हा हाच आकडा पावणेपाच मिनिटांवर पोचला होता. प्रकाशाला एका एककाला ४९९ सेकंद लागतात, ०.४७ एककाला सुमारे २३५. स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये ही दुरुस्ती राहिली की धूमकेतू रेघेवर चार मिनिटांच्या चालीएवढा पुढे दिसतो.

स्वतःचं गणित चुकतंय

स्प्रेडशीट किंवा पायथनमध्ये स्वतः कक्षा मांडणाऱ्यांची संख्या वाढते आहे, आणि ते फार चांगलं आहे. मात्र अडखळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा उत्केंद्रता. दीर्घ आवर्ताच्या धूमकेतूची उत्केंद्रता १ च्या इतकी जवळ असते की अर्धदीर्घ अक्ष (उपसूर्य अंतर भागिले १ वजा उत्केंद्रता) अनंताकडे जातो, आणि केप्लरचं नेहमीचं समीकरण एकतर शून्याने भागाकार करतं किंवा उत्तराकडे सरकतच नाही. कक्षा अन्वस्त (पॅराबोला) धरून बार्करचं समीकरण वापरा. उपसूर्य वेळेनंतर गेलेले दिवस भागिले उपसूर्य अंतराचा दीड घात, त्याला ०.०३६४९११६२ ने गुणा. या आकड्याला ‘व’ म्हणा. मग स³ + ३स − व = ० हे सोडवा. शून्यापासून सुरुवात करून नवा स = (२स³ + व) ÷ (३स² + ३) असं दहा-पंधरा वेळा फिरवलं की उत्तर स्थिरावतं. सूर्यापासूनचं अंतर = उपसूर्य अंतर × (१ + स²), आणि कक्षेतला कोन = २ × व्यस्त-टॅन(स). उत्केंद्रता १ पासून हजारांश-शतांशाने दूर असेल तर मात्र अन्वस्ताचं उत्तर महिन्याभरात सरकायला लागतं. तिथे सार्वत्रिक चलांची (युनिव्हर्सल व्हेरिएबल्स) पद्धत हवी, ती कुठल्याही उत्केंद्रतेला चालते.

बाकीच्या चुका मामुली पण चिवट: अंश आणि रेडियन यांची सरमिसळ, चतुर्थांश न पाहणारं व्यस्त-टॅन फलन, क्रांतिवृत्तातून विषुववृत्तात आणताना २३.४३९३ अंशांचं फिरवणं राहून जाणं, धूमकेतू जे२००० मध्ये आणि सूर्य आजच्या संपातात. पडताळणीसाठी तीन तारखा घ्या: उपसूर्याच्या ६० दिवस आधी, त्याच दिवशी, ६० दिवसांनी. होरायझन्सशी तिन्हीकडे ताडून पाहा. उपसूर्याच्या दिवशी अंतर जुळतं पण दिशा चुकते, तर फिरवण्यात चूक आहे. दोन्ही टोकांना चूक सारखी आणि उलट, तर वेळेच्या गुणकात.

मोजलेली स्थानं कक्षेवर बसत नाहीत

ॲस्ट्रोमेट्रिका किंवा टायको ट्रॅकर या फोटोवरून मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्थानं मोजून फाइंड-ऑर्ब या कक्षा काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाकली आणि शेष फरक (मोजलेलं वजा कक्षेवरून काढलेलं स्थान) मोठे आले, तर त्यांचा नमुना वाचा. एका रात्रीची सगळी निरीक्षणं एकाच बाजूला, बाकी रात्री ठीक: त्या रात्रीचं घड्याळ चुकलं होतं. तासाला ५ कोनीय मिनिटं पळणाऱ्या धूमकेतूसाठी १० सेकंदांची चूक म्हणजे ०.८ कोनीय सेकंद. कॅमेऱ्याच्या घड्याळावर विश्वास नको. लॅपटॉप नेटवरच्या प्रमाणवेळेशी किंवा जीपीएसशी जुळवून घ्या. उद्भासाचा (एक्स्पोजरचा) मध्य नोंदवायचा असतो, सुरुवात नव्हे. ६० सेकंदांच्या फोटोत इथेच ३० सेकंद जातात.

सगळे फरक शेपटीच्या दिशेला झुकलेले असतील तर सॉफ्टवेअर केंद्रकाऐवजी शिखेचा (केंद्रकाभोवतीच्या धूसर आवरणाचा) मध्य पकडतंय. मापनाचं वर्तुळ लहान करा. धूमकेतू रेघेसारखा ओढला जाणार नाही एवढाच उद्भास ठेवा: ताऱ्यांची रुंदी ३ कोनीय सेकंद आणि चाल मिनिटाला ५ कोनीय सेकंद असेल तर ३६ सेकंद ही मर्यादा. त्याहून खोल जायचं तर आखूड उद्भासाचे अनेक फोटो धूमकेतूच्या चालीप्रमाणे सरकवून एकावर एक रचा.

चार-पाच रात्रींच्या निरीक्षणांवरून उत्केंद्रता काढायचा हट्ट धरू नका. ती १ वर बांधून ठेवा आणि बाकीचे घटक काढा. लहान चापावर उत्केंद्रता मोकळी सोडली की फाइंड-ऑर्ब बिनधास्त १.०८ किंवा ०.९ देतं, आणि मग आंतरतारकीय धूमकेतू सापडल्याची अफवा उठते. खरे आंतरतारकीय संशयाला जागाच ठेवत नाहीत: २आय/बोरिसोव्हची उत्केंद्रता ३.३६ होती, ३आय/ॲटलासची ६ च्या वर.

तेज जुळत नाही

आता अवघड भाग. स्थानाचं गणित भौतिकशास्त्राच्या नियमावर उभं आहे. तेजाचं सूत्र हे निरीक्षणांवर बसवलेला एक अंदाज आहे, आणि धूमकेतूवर ते पाळण्याचं बंधन नाही:

प्रत = मूळ प्रत + ५ × लॉग(पृथ्वीपासून अंतर) + २.५ × घातांक × लॉग(सूर्यापासून अंतर)

मूळ प्रत म्हणजे दोन्ही अंतरं एक एकक असतानाचं तेज; घातांक म्हणजे सूर्याजवळ येताना तेज किती झपाट्याने वाढतं ते.

तीन-चार प्रतींचा फरक आणि तोही उपसूर्याजवळ वाढणारा: दोन संकेतांची गल्लत. मायनर प्लॅनेट सेंटर आणि स्टेलॅरियम ‘घातांक’ देतात, बहुधा ४ च्या आसपास. होरायझन्स २.५ ने आधीच गुणलेला आकडा देते, म्हणजे त्याच धूमकेतूसाठी १०. तो १० उचलून घातांकाच्या रकान्यात टाकला तर सूर्यापासून ०.५ एककावर धूमकेतू साडेचार प्रतींनी जास्त तेजस्वी दाखवला जातो. धूमकेतू दिवसाढवळ्या दिसेल अशा खळबळजनक आलेखांमागे पुष्कळदा हीच गल्लत असते.

कायम दोन-तीन प्रती मंद: एकूण तेज आणि केंद्रकाचं तेज यांची अदलाबदल. स्वयंचलित सर्वेक्षणं लहान वर्तुळातला प्रकाश मोजतात. डोळा सगळी शिखा एकत्र पाहतो. होरायझन्स दोन्ही रकाने शेजारी देते. डोळ्यांच्या निरीक्षणाशी तुलना एकूण तेजाचीच करायची.

क्षितिजाजवळ मंद, वर चढला की बरोबर: वातावरण. १० अंश उंचीवर प्रकाश डोक्यावरच्या थराच्या साडेपाच पट हवेतून येतो, ५ अंशांवर दहा पटींतून. स्वच्छ रात्री एका थराला ०.३ प्रत धरली तरी ५ अंशांवर तीन प्रती गेल्या. पावसाळ्यानंतरच्या दमट हवेत याहून जास्त. तुलनेचा तारा त्याच उंचीवरचा घ्या. धूमकेतू ६ अंशांवर आणि तारा २० अंशांवर असेल तर तुमचा अंदाज पावणेदोन प्रतींनी फसतो. १४ ऑक्टोबर २०२४ च्या संध्याकाळी ए३ शुक्र आणि स्वाती यांच्या मधोमध होता. दोन्ही तुलनेला सोयीचे वाटतात, पण दोघांची आणि धूमकेतूची उंची लिहून हवेची दुरुस्ती केली नाही तर ती तुलना निरुपयोगी.

सूत्राहून एकाएकी फार तेजस्वी, मग भराभर मंद: सूत्रात कलाकोन नाही. धूमकेतू सूर्य आणि पृथ्वी यांच्या मध्ये आला की धुळीचे कण सूर्यप्रकाश पुढच्या दिशेला, आपल्याकडे, जोरात विखुरतात. ए३ चा कलाकोन ९ ऑक्टोबर २०२४ च्या सुमारास १७० अंशांच्या पलीकडे गेला आणि सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानाच्या कॅमेऱ्यात तो झळाळून उठला. नंतरच्या आठवड्यात तेज झपाट्याने उतरलं, तेव्हा धूमकेतू विझतोय असं अनेकांना वाटलं. बदलला होता तो कोन. होरायझन्सचा रकाना २४ पाहा. १२० च्या वर गेलेल्या दिवसांची निरीक्षणं घातांक काढण्याच्या गणितातून बाजूला ठेवा.

दोन निरीक्षकांत एका प्रतीचा फरक: पद्धत विचारा. पसरट शिखेसाठी सिजविकची रीत: धूमकेतू नीट फोकस करून त्याचं सरासरी तेज लक्षात ठेवा, मग ताऱ्यांना शिखेएवढे होईपर्यंत फोकसबाहेर काढून तुलना करा. मध्यभागी घट्ट असलेल्या धूमकेतूला मॉरिसची रीत बरी. तिच्यात धूमकेतूही थोडा फोकसबाहेर काढून सपाट करतात. लाल तारे तुलनेला नकोत. जेवढी लहान दुर्बीण आणि कमी विशालन तेवढं चांगलं: छिद्र (दुर्बिणीच्या भिंगाचा किंवा आरशाचा व्यास) वाढलं की पसरट शिखा मंद भासते. प्रमाण छिद्र ६.७८ सेंटिमीटर धरतात, आणि परावर्ती दुर्बिणीसाठी त्यापुढच्या प्रत्येक सेंटिमीटरला ०.०१९ प्रत अशी दुरुस्ती रूढ आहे. २० सेंटिमीटरला पाव प्रत. शहरातल्या उजेडात शिखेची बाहेरची कड बुडते आणि तेज कमी मोजलं जातं, म्हणून शिखेचा व्यास नोंदवल्याशिवाय तेजाचा आकडा अपुरा.

कॅमेऱ्याने मोजत असाल तर मापनाचं वर्तुळ कोनीय सेकंदांत कायम ठेवू नका, किलोमीटरमध्ये ठेवा. एका एककावर एक कोनीय सेकंद म्हणजे ७२५ किलोमीटर. १०,००० किलोमीटरची त्रिज्या तिथे १४ सेकंद होते, अर्ध्या एककावर २८. रंगीत कॅमेऱ्याचा हिरवा घटक वापरा आणि तो वापरल्याचं लिहा.

घातांक काढताना होणारी घाई

समजा सूर्यापासून १.५ आणि पृथ्वीपासून ०.८ एककावर प्रत ८.० मिळाली, नंतर १.० आणि ०.६ एककावर ६.१. पृथ्वीच्या अंतराचा भाग वजा केला की ८.४८ आणि ७.२१ उरतात. लॉग १.५ म्हणजे ०.१७६. घातांक = १.२७ ÷ (२.५ × ०.१७६) = २.९, मूळ प्रत ७.२. यावरून सूर्यापासून ०.५ आणि पृथ्वीपासून ०.९ एककावरचा अंदाज ४.८. घातांक ४ धरून बसलेला माणूस त्याच दिवसासाठी ४.० सांगेल.

मात्र प्रत्येक अंदाजात ०.३ प्रतीची चूक धरा, जी डोळ्यांच्या निरीक्षणात अगदी साधी आहे. मग घातांकातली अनिश्चितता जवळजवळ १ होते: २.९ नव्हे, २ ते ४ मधलं काहीही. सूर्यापासूनच्या अंतरात किमान दुपटीचा फरक पडेपर्यंत घातांक जाहीर करू नका. उपसूर्याआधीची आणि नंतरची निरीक्षणं वेगळी बसवा. ऊर्टच्या मेघातून पहिल्यांदाच येणारे धूमकेतू लांब असताना भरपूर तेजस्वी दिसतात आणि जवळ येताना संथपणे वाढतात. १९७३ च्या कोहुटेकबद्दलच्या अपेक्षा याच कारणाने फसल्या.

सगळं तपासलं, तरी जुळत नाही

मग धूमकेतूच बदलला असण्याची शक्यता घ्या. २४ ऑक्टोबर २००७ ला १७पी/होम्स दोन दिवसांच्या आत सतराव्या प्रतीवरून तिसरीच्या अलीकडे आला. १२पी/पॉन्स-ब्रूक्सने २० जुलै २०२३ ला असाच उद्रेक केला. उलट दिशेने, सी/२०१९ वाय४ हा धूमकेतू २०२० च्या वसंतात तुटला आणि आयसॉन २८ नोव्हेंबर २०१३ ला सूर्याजवळून जाताना संपला.

ओळखायची रीत: उद्रेकात मध्यभाग आधी ताऱ्यासारखा टोकदार होतो आणि पुढच्या रात्रींत शिखा मोठी होत जाते. तुटताना मध्यभाग लांबट होतो, टोक हरवतं, एकूण तेज मात्र काही दिवस टिकू शकतं, कारण मोकळी झालेली धूळ चमकत राहते. म्हणून घनतेचा अंक (० पूर्ण पसरट, ९ ताऱ्यासारखा) दर रात्री लिहा. तेज स्थिर आणि हा अंक तीन रात्रींत ६ वरून ३ वर आला असेल, तर लगेच त्याच दुर्बिणीने, त्याच विशालनाने, शक्यतो त्याच उंचीवर पुन्हा पाहा आणि मध्यभागाचे आखूड उद्भासाचे फोटो घ्या. स्लोव्हेनियातल्या चर्नी व्रह वेधशाळेच्या कॉब्स नोंदवहीत त्याच तारखांना इतरांनी काय अंक दिलाय ते पाहा, पण स्वतःचा अंक लिहून झाल्यावर, आधी नव्हे.